मोटरहोमच्या एसीचा एमसीबी पडतोय? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मार्च उजाडला की मोटरहोमवाल्यांचे, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांचे, आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणी पन्हाळ्यावर अडकलेलं असतं, कुणी दाजीपूरहून फोंडा घाट उतरायच्या तयारीत, कुणाची गाडी अजून उद्यमनगरच्या शेडमध्येच उभी. तक्रार एकच: ‘एसी लावला की एमसीबी (लोड वाढला की लाईन तोडणारा बोर्डातला खटका) पडतोय.’ मी आधी उलटं विचारतो: पडतोय कधी? खटका वर करताच, कॉम्प्रेसर लागताना, की अर्धा-पाऊण तास थंडगार झोप झाल्यावर? दोष कुठे आहे ते बऱ्याचदा या वेळेवरूनच कळतं. म्हणून खालचे प्रश्नही साधारण त्याच क्रमानं लावलेत.

एमसीबी आत्ताच पडलाय. आधी काय करू?

आधी रिमोटनं एसी बंद करा. मग बोर्डाजवळ नाक न्या. प्लास्टिक जळाल्याचा वास असेल किंवा झाकण हाताला कढत लागत असेल तर बाहेरचा प्लग काढा आणि वायरमन येईपर्यंत काहीही करू नका.

तसं काही नसेल तर पाच मिनिटं थांबा. खटका आधी पूर्ण खाली दाबा आणि मग वर करा. काही एमसीबी पडल्यावर मधेच अडकतात, त्यांना नुसतं वर ढकललं तर ते बसत नाहीत आणि माणसाला वाटतं एमसीबीच गेला. खटका बसला की एसी फक्त पंख्यावर पाच मिनिटं चालवा, नंतर कूलिंग लावा. पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा वर करू नका. शॉर्टवर प्रत्येक वेळी खटका चढवताना शेकडो अँपिअर आतल्या संपर्कांवरून जातात. असं चार-सहा वेळा केलं की चांगला एमसीबीही बाद होतो.

गाडीत पाच-सहा खटके आहेत. नेमका कुठला पडला हे कसं ओळखू?

ज्याच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण आहे तो आरसीसीबी. तो करंट गळला, म्हणजे बॉडीत किंवा जमिनीत गेला, की पडतो, मग लोड कितीही कमी असो. बाकीचे एमसीबी. ते जास्त लोड आला किंवा शॉर्ट झाला की पडतात, गळतीशी त्यांना देणंघेणं नाही. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मा गोंधळ मिटतो, कारण आरसीसीबी पडत असताना लोक एसीचा लोड मोजत बसतात.

गाडीतले सगळे खटके वरच असतील आणि तरी लाईट नसेल, तर पडलाय तो बाहेरचा. लॉजच्या बोर्डातला, शेतघराच्या मीटरजवळचा किंवा जनरेटरच्या अंगावरचा.

वर करताच फट्कन पडतो. एसी लागायचीही वाट बघत नाही.

हा सरळ शॉर्ट. यात घरगुती प्रयोग नको.

आमच्या अनुभवात जागा ठरलेल्या असतात. छतावरच्या एसीची केबल पत्र्याच्या भोकातून खाली येते. तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, बसवलेलं नसेल तर पत्र्याची धार घाटरस्त्यांच्या हादऱ्यांनी इन्सुलेशन हळूहळू कापत जाते. दुसरी जागा उंदरांची. ऊसपट्ट्यात गाडी महिनाभर उभी राहिली आणि फडात तोड सुरू झाली की तिथले उंदीर आसरा शोधत गाडीखाली येतात आणि केबल कुरतडतात. तिसरी जागा खुद्द कॉम्प्रेसर: त्याचं वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेढे, बॉडीला लागलेलं असतं.

वायरमन एसीकडच्या टोकाला केबल सोडवतो आणि एमसीबी चढवतो. तेव्हा तो टिकला तर दोष एसीत, तरीही पडला तर केबलमध्ये. मग ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं, कॉम्प्रेसरचं वाइंडिंग आणि बॉडी यांतला अवरोध बघतात. तो १ मेगाओहमच्या खाली असेल तर कॉम्प्रेसरवर भरवसा ठेवू नका. मेगर लावण्याआधी एसीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड सोडवलं आहे ना, हे जरूर विचारा, नाहीतर तपासणीच्या नादात कार्डच जायचं.

पंखा बिनघोर चालतो. कॉम्प्रेसर लागला की घूं घूं आवाज येतो, गाडीतले दिवे मंद होतात आणि थोड्या वेळानं एमसीबी पडतो. असं का?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे.

एक टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी चालू असताना साधारण १००० ते १२०० वॅट घेतो. २३० व्होल्टवर हे ५-६ अँपिअर झाले. पण कॉम्प्रेसर जागचा हलताना पहिल्या क्षणी याच्या पाच-सहापट, म्हणजे ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. उसानं भरलेली ट्रॉली जागची हलवताना ट्रॅक्टर कसा धूर सोडतो, आणि एकदा चाकं फिरली की कसा निवांत चालतो, तसंच हे. व्होल्टेज पुरेसं असेल तर हा झटका अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो आणि ‘सी’ प्रकारचा एमसीबी तो सहज पचवतो.

घोटाळा होतो तो कॉम्प्रेसर हललाच नाही तर. मग तो ३० अँपिअर ओढतच राहतो. त्याच्या अंगावरचा ओव्हरलोड नावाचा सुरक्षा-खटका काही सेकंदांनी त्याला बंद करतो, थंड झाला की पुन्हा लावतो. असे दोन-तीन प्रयत्न होईपर्यंत एमसीबीच्या आतली धातूची पट्टी तापते आणि खटका पडतो.

कॉम्प्रेसर न हलण्याची कारणं मी या क्रमानं बघतो.

व्होल्टेज आधी. मीटर सॉकेटला लावून उपयोग नाही, एसीच्या टोकाशी लावा, आणि तेही कॉम्प्रेसर लागायच्या क्षणी. रिकाम्या लाईनवर २२५ दाखवणारा प्लग त्या क्षणी १८० वर आपटलेला मी पाहिलाय.

मग कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला फिरायला मदत करणारा डबा. तो बहुधा २५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो, नेमका आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो. डोकं फुगलं असेल किंवा तेल झिरपलं असेल तर मोजायचीही गरज नाही, बदला. दिसायला चांगला असेल तर कॅपॅसिटन्स मोजा. छापील आकड्यापेक्षा दहाएक टक्क्यांनी उतरला असेल तरी बदला. वस्तू स्वस्त आहे, पण प्लग काढल्यावरही तो भरलेला राहतो आणि चांगलाच दणका देतो. डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही.

तिसरं, घाई. एसी बंद करून लगेच पुन्हा लावला तर गॅसचा दाब अजून दोन्ही बाजूंना समान झालेला नसतो, आणि त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर हलत नाही. किमान तीन मिनिटं जाऊ द्या. नव्या एसीत हा उशीर आपोआप होतो, जुन्या नॉब असलेल्या छतावरच्या एसीत तो आपणच पाळायचा.

हे तिन्ही ठीक असेल तर एमसीबीवरचं अक्षर वाचा. ‘बी’ प्रकारचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या ३ ते ५ पटीला तत्काळ पडतो, ‘सी’ ५ ते १० पटीला. १० अँपिअरचा ‘बी’ लावून त्यावर एसी चालवणारे लोक आहेत. तो पडणारच.

लांब एक्स्टेन्शन वायरनं एवढा फरक पडतो?

हिशोबच करू. घरातली १ चौरस मिलिमीटरची, ३० मीटर लांब तांब्याची वायर घ्या. करंट जाऊन परत येतो, म्हणजे तांबं ६० मीटर. त्याचा अवरोध सुमारे १ ओहम. एसी चालू असताना ६ अँपिअरला ६ व्होल्ट जातील, त्याचं काही वाटत नाही. पण कॉम्प्रेसर हलताना ३० अँपिअर ओढतो, तेव्हा त्याच वायरमध्ये ३० व्होल्ट खर्च होतात. लॉजवाल्याच्या सॉकेटला आधीच २१० असतील तर कॉम्प्रेसरपर्यंत १८० पोहोचतात.

तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असती तर १२-१३ व्होल्टच गेले असते. तीस मीटरसाठी मी ४ चौरस मिलिमीटरची तीन तारांची रबरी केबल सांगतो. महाग पडते, जड असते, गुंडाळताना हात भरून येतात, पण एकदाच घ्यायची आहे.

आणि भेंडोळं पूर्ण उलगडा. ड्रमवर गुंडाळलेल्या वायरवर तासभर एसी चालला तर आतले वेढे तापून एकमेकांना चिकटतात.

गाडी शेतघरावर लावतो. पहाटे एसी चालतो, संध्याकाळी सातनंतर एमसीबी पडतो. स्टॅबिलायझर घेऊ का?

गाडी तीच, एसी तोच, पडतो फक्त संध्याकाळी, म्हणजे दोष लाईनचा. ट्रान्सफॉर्मर लांब असला आणि त्याच वेळी सगळ्या वस्तीचा लोड आला की टोकाच्या घराला व्होल्टेज उरत नाही. नियमाप्रमाणे २३० च्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४ मिळायला हवेत. मीटर लावून बघा किती मिळतात.

स्टॅबिलायझर थोडी मदत करेल. पण तो व्होल्टेज वाढवून देतो त्या बदल्यात लाईनमधून जास्त करंट ओढतो. वायर बारीक असेल तर तो करंट तिथेच आणखी व्होल्टेज खातो. आधी वायर जाड करा आणि त्यानंतरच स्टॅबिलायझरचा विचार करा. सॉफ्ट स्टार्टर नावाचं छोटं उपकरण कॉम्प्रेसरच्या वायरिंगमध्ये बसतं आणि सुरुवातीचा झटका निम्म्याहून खाली आणतं. अशा जागी त्याचा उपयोग मला जास्त दिसलाय.

अर्धा-पाऊण तास छान चालतो आणि मग पडतो.

एमसीबी उष्णतेनं पडतोय. तीन गोष्टी तपासा.

कंडेन्सर कॉइल, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी पातळ पात्यांची जाळी: गळीत हंगामात कारखान्याच्या परिसरात गाडी उभी असेल तर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी कॉइलच्या पात्यांत जाऊन बसते. वरून धूळ, त्यावर दव, आणि तिचा लेप होतो. हवा जात नाही, गॅसचा दाब चढतो आणि एसी ओढायचा त्यापेक्षा दीड-दोन अँपिअर जास्त ओढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंगाम उरकला की कॉइल धुऊन घ्या. पाण्याचा दाब कमी ठेवा, प्रेशर पंपानं पाती मुडपतात.

सैल स्क्रू: घरातला बोर्ड भिंतीत स्थिर असतो, गाडीतला प्रत्येक खड्ड्यात हलतो. एमसीबीच्या टर्मिनलचा स्क्रू सैल झाला की तिथं उष्णता तयार होते, ती एमसीबीच्या पोटात जाते आणि लोड कमी असूनही तो पडतो. टर्मिनलजवळची वायर काळपट किंवा कडक झाली असेल तर दोष सापडला. स्क्रू आवळण्याआधी जळका भाग कापा, नवी लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा. न्यूट्रलच्या पट्टीकडे लोक बघतच नाहीत, आणि ती हमखास सैल असते.

बोर्डाची जागा: एमसीबी ३० अंश तापमानाला जुळवलेला असतो. उन्हात तापलेल्या पत्र्यामागे, हवा न खेळणाऱ्या कपाटात तापमान ५० ला गेलं की १६ चा एमसीबी १४ च्या आसपासचा असल्यासारखा वागतो. कपाटाला जाळी पाडा.

सोळाचा काढून पंचवीसचा बसवला तर काय बिघडतंय? मिस्त्री म्हणतोय, विषय संपला.

विषय संपतो खरा, पण वाईट रीतीनं. एमसीबी एसीला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. आतली वायर १६ च्या हिशोबानं टाकलेली असेल तर २५ च्या एमसीबीखाली ती तापत राहील आणि खटका पडणार नाही. मोटरहोमच्या भिंतीत थर्माकोल किंवा फोम असतो, प्लायवूड असतं. वायर त्यातच दडपलेली असते, तिची उष्णता बाहेर पडायला वाट नाही. त्या भिंतीला टेकून पोरं झोपतात. मोठा एमसीबी हवाच असेल तर आधी वायर बदला, मग बोला.

एसी चालू असताना इंडक्शन लावला की पडतो. दोष कुणाचा?

कुणाचाच नाही. एसी ६, इंडक्शन ८, गिझर जवळजवळ ९ अँपिअर: तिन्ही मिळून २३. सोळाच्या लाईनवर एवढा लोड आला तर एमसीबी लगेच पडत नाही. १८ अँपिअर तो तासभर सोसतो, २३ ला मात्र तासाभराच्या आत पडावाच लागतो. म्हणून रस्सा उकळायला लागतो आणि नेमका तेव्हाच अंधार होतो. गिझर आधी उरकून घ्या, किंवा चूल बाहेर गॅसवर मांडा. कोल्हापुरी मटण तसंही इंडक्शनवर मनासारखं होत नाही, पण तो वेगळा वाद आहे.

लॉजवाल्यानं ६ अँपिअरचा साधा प्लग दिला तर त्यावर एसी लावूच नका. पॉवर प्लग मागा.

पाऊस सुरू झाला की आरसीसीबी पडतो. कोरड्यात काही त्रास नाही.

पाणी कुठेतरी आत जातंय. गगनबावड्याच्या बाजूला जुलैत एक रात्र गाडी उभी केली की गाडीचं प्रत्येक सील तपासून निघतं. छतावरच्या एसीच्या खालची गॅस्केट, बाहेरचा इनलेट सॉकेट आणि गवतात पडलेला एक्स्टेन्शनचा जोड, या तीन जागा आधी बघा. जोड जमिनीवर कधीही ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनही नको, आत घाम धरतो. टांगून ठेवा.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. बॅटरी चार्जर, इन्व्हर्टर एसी, एलईडी ड्रायव्हर यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडा करंट कायम अर्थिंगला जातच असतो. सगळ्यांची बेरीज १० ला आली आणि वर ओल धरली की झालं. एकेक वस्तू बंद करून बघितलं की अपराधी सापडतो.

आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे. गाडी रबरी टायरवर उभी असते आणि तुम्ही ओल्या जमिनीवर. दाराच्या दांडीला हात लावला तर करंट तुमच्या अंगातूनच जमिनीत जाणार.

गाडीच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, पण काहीच पडत नाही.

प्लग काढा. आत्ता. बहुतेक वेळा सॉकेटला अर्थिंगच नसतं, तिसरी पिन नुसती शोभेला असते. मीटरनं बघा: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्हीकडे २३० च्या आसपास यायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-तीन व्होल्ट. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर तेही इथंच कळेल. नीट आकडे येत नसतील तर त्या सॉकेटवर गाडी लावायची नाही, मालक कितीही म्हणाला ‘आमचा फ्रीज चालतोय की’.

पन्हाळ्यावर जनरेटरवर एसी लागत नाही, कोल्हापुरात लागत होता.

पन्हाळा डोंगरावर आहे, शहर त्याच्या बरंच खाली. पेट्रोल जनरेटरची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी उतरते. शहरात कसाबसा कॉम्प्रेसर हलवणारा २ केव्हीएचा जनरेटर वर जाऊन हात टेकतो. सॉफ्ट स्टार्टर लावा, किंवा ३ केव्हीएच्या पुढचा घ्या. एअर फिल्टरही झटका.

छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल बऱ्याचदा अर्थला जोडलेलाच नसतो, त्यामुळे गळती झाली तरी आरसीसीबी पडत नाही. ही जोडणी जाणकाराकडूनच करून घ्या, आणि ती फक्त जनरेटरच्या बाजूला असावी. बाहेरच्या लाईनवर असताना गाडीत ती जोडणी राहिली तर आरसीसीबी विनाकारण पडत राहील.

बॅटरीवर एसी चालवताना डीसी (बॅटरीच्या करंटचा) ब्रेकर पडतो.

१२ व्होल्टवर १२०० वॅट म्हणजे १०० अँपिअर, बॅटरीवरच्या इन्व्हर्टरचा तोटा धरला तर ११० च्या पुढे. केबल बारीक किंवा लग सैल असेल तर ब्रेकरच काय, केबलही तापते. तिथं घरगुती २३० व्होल्टच्या लाईनचा एमसीबी बसवलेला असेल तर तो आजच काढा. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, त्यासाठी डीसीचाच ब्रेकर किंवा फ्यूज लागतो. नवी गाडी करताना ४८ व्होल्टची बॅटरी घेतली तर हाच करंट पंचवीस-तीसवर येतो.

घरचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवला तर हा त्रास संपेल का?

सुरुवातीच्या झटक्याचा संपेल, कारण त्याचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो. आजकाल बरेच जण तोच बसवतात आणि माझी शिफारसही तीच आहे. पण तो हादऱ्यांसाठी बनवलेला नाही. आउटडोअर युनिटच्या तांब्याच्या नळ्या रबरी आधारावर घ्या आणि कार्डावर चिखल-पाणी उडणार नाही अशी जागा निवडा. एमसीबीच्या जागी मग गॅस गळतीचे फोन येऊ नयेत.

यातलं मी स्वतः काय करू शकतो?

फिल्टर धुणं, वायर उलगडणं, लोड वाटून लावणं, प्लग काढून बोर्डाची नजरेनं पाहणी आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबणं. लाईन चालू असताना बटण दाबून तो पडला नाही तर तो बाद. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) जवळ असेल तर एसी चांगला चालत असताना किती अँपिअर घेतो ते एकदा मोजून बोर्डाच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढे कधी बिघडला तर वायरमनला ताडून बघायला आकडा मिळतो. कॅपॅसिटर, मेगर, बोर्डातले स्क्रू ही कामं परवानाधारक वायरमनची.

नवी गाडी बांधून घेतोय. मिस्त्रीला काय सांगू?

एसीला स्वतंत्र लाईन, किमान २.५ चौरस मिलिमीटरची अनेक तारांची लवचीक वायर, टोकांना लग. त्यावर १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा, दोन पोलचा एमसीबी. दोन पोलचा एवढ्यासाठी, की वाटेत कुठल्या सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे असले तरी दोन्ही तुटतात. पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. बाहेरची लाईन, जनरेटर आणि इन्व्हर्टर यांच्यात असा चेंजओव्हर (लाईन बदलायचा स्विच), की दोन एकदम जोडले जाणारच नाहीत. बाहेरचा इनलेट निळा, तीन पिनचा, झाकणवाला. बोर्ड डोळ्यांच्या उंचीवर, गॅस सिलिंडरच्या कप्प्यापासून लांब. आणि पैसे चुकते करण्याआधी गाडी एकदा भर दुपारी उन्हात उभी करून एसी सलग दोन तास चालवून दाखवायला सांगा.